मूठभर कोंड्याची आई

कोंडिबा, तुझ्या वाचनालयाची पोरं परवा येऊन गेली. तुझ्यावर अंक काढणार आहेत, त्यात माझे चार शब्द हवेत म्हणाली. मी विचारलं, चांगलेच हवेत का? त्यातला चष्मेवाला म्हणाला, "आजी, आईचे शब्द कसे बी असले तरी चालतात." म्हणजे त्यालाही तेच वाटतं. तुझं पुस्तक वाचलेल्या सगळ्यांना तेच वाटतं. मी त्यांना चहा दिला आणि वाटेला लावलं. बोलायचं ते तुझ्याशी आहे.

तर ऐक. मी तुझी आई नाही. तू जिवंत होतास तेव्हा हे कितीदा सांगितलं, तू हसण्यावारी नेलंस. आता तुला उलट बोलता येत नाही, तेव्हा एकदा नीट सांगून टाकते. अंक तेलुगू मुलखातल्या निर्मलहून निघणार, आमच्या गावात दोन घरी पोचला तरी पुष्कळ. तुझ्या आईला वाचता येत नाही. आणि यम असले अंक वाचत नसावा.

तुझ्या आधी सुंदराची तीन लेकरं गेली. एक पाचवी पुजायच्या आत, एक रांगता रांगता, एक चांगलं बोलायला लागलेलं. सुंदरा आमच्या शेतात कापूस वेचायला यायची आणि तुझा बाप बोथकडच्या कापसाच्या जिनिंगात हमाल होता. तू झालास तेव्हा तिच्या सासूनं तुला सुपात घालून आमच्या दारात आणलं. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथलं लेकरू जगत्या लेकरांच्या बाईला विकायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणजे यम हिशेबाला आला की त्याला सांगता येतं, हे त्या बाईचं नाही, दुसरीचं आहे. माझी तिन्ही जगली होती, म्हणून माझं दार. मी मूठभर कोंडा दिला, म्हातारीनं पदरात घेतला, सौदा झाला. म्हणून तू कोंडिबा. मग म्हणायचं ते मी म्हटलं, "हे लेकरू माह्यं. सुंदरे, तू निसतं सांभाळ." आणि सुपासकट तुला परत दिलं. तव्यावर भाकर होती, ती उलटायला आत गेले. एवढंच माझं आईपण. भाकर करपायच्या आत संपलं.

लोक हे वर्ष दोन वर्षं पाळतात. जावळ झालं, पोर अंगणात पळायला लागलं की विसरतात. गावात कोंडिबा, कचरू, उकंडा ढिगानं आहेत आणि सगळे आपापल्या आईला माय म्हणतात. सुंदरा विसरली नाही. तिनं तुला कधी चारचौघांत जवळ घेतलं नाही, कधी गोड बोलली नाही. तुला ताप आला की डॉक्टरला माझं नाव सांगायची, "पारूबाईचं पोरगं हाय, ते वावरात गेली म्हनून मी आनलं." तू पडलास, लागलं, रडत तिच्याकडं गेलास, तर म्हणायची, "माह्याकडं काऊन येतं? तुही माय तिकडं राहते." बायका हसायच्या. मीही हसायची. तीन लेकरं पुरलेल्या बाईचं डोकं जरा हललेलं असणार, असं आम्ही धरून चाललो. तू काय धरून चालला होतास, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

रीतीप्रमाणं तुझे कपडे माझ्या हातून जायचे. संक्रांतीला नि पोळ्याला मी तुला दारात बोलावून सदरा द्यायची. तू तो तिथल्या तिथं घालायचास आणि निघून जायचं सोडून माझ्या तोंडाकडं पाहत उभा राहायचास. मी म्हणायची, "जाय आता, घर सारवाचं हाय."

आणि तू चोर होतास. गावात लहानथोरांना हे ठाऊक होतं. चोर, आणि वरून निर्लज्ज. दुसरी चोरटी पोरं मागच्या भिंतीवरून येतात, तू समोरच्या दारानं यायचास. शिंक्यातली भाकर काढून चुलीपुढं बसून खायचास. माझ्या बंडूची पाटी घेऊन ओसरीवर गिरवत बसायचास. एकदा दुपारी मी पाहिलं तर तू आमच्या बाजेवर झोपलेला, तोंडावर आमच्या यांचा पंचा. मी पाण्याचा तांब्या ओतला अंगावर. तू उठलास, पंचा पिळलास आणि दोरीवर वाळत घातलास. असला चोर मी आजवर पाहिला नाही.

पोळ्याचं तर सगळ्यांना पाठ आहे. सकाळपासून आमचे बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या. बैल तोरणाखाली न्यायचा तो घरच्या मुलानं, नवी टोपी घालून. बंडू घरात टोपी शोधत होता. सापडणार कशी, ती तुझ्या डोक्यावर होती. आणि आमचा थोरला बैल तू सोडून मारुतीपुढं नेऊन रांगेत उभा केला होतास. छाती काढून, कासरा दोन्ही हातांत धरून.

"अबे, हमालाच्या पोट्ट्याच्या हाती बैल कोनं देल्ला?"

"देते कोन. सोडून आनला असंल."

"विकाले नेत होता काय रे, कोंड्या?"

एक म्हातारा तेवढा म्हणाला, "अरे, चोरलेला बैल कोनी तोरनाखाली आनून उभा करते काय?" लोक त्यालाच हसले.

आमचे हे आले. त्यांनी बैलाच्याच कासऱ्यानं तुला झोडपलं. तू ओरडत नव्हतास, नुसता माझ्याकडं पाहत होतास. पाटील म्हणाले, बस करा, सणाचा दिवस आहे, पोराच्या आईला बोलवा. सुंदरा गर्दीतच होती. पाटलांनी विचारलं, "तुहंच ना हे?"

ती म्हणाली, "माह्यं नाई. पारूबाईचं हाय, तिले विचारा."

गर्दी खदखदून हसली. आमच्या यांचं तोंड लाल झालं. मी म्हटलं, "माह्यं काऊन असंल? मूठभर कोंडा देल्ला म्हनून कोनी माय होते काय?"

मी तेव्हा खरं तेच बोलले. आज कोणी विचारलं तरी तेच बोलेन. तू टोपी काढून बंडूच्या हातात दिलीस. पुढच्या हंगामात कापसाच्या बंडीवर बसून जिनिंगात गेलास, तो कित्येक वर्षं गावाला परतला नाहीस. गाव म्हणालं, ब्याद गेली.

तू परत आलास तेव्हा आमचे हे गेलेले होते आणि तुझा बाप गाठी वाहता वाहता खपला होता. तुला मिशी फुटली होती, निर्मलला लाकडाची खेळणी रंगवायचं काम करत होतास, बोटांच्या पेरांत रंग होता. तू दारात उभा राहून म्हणालास, "माय."

मी म्हटलं, "काकू म्हन."

"बरं, काकू," म्हणालास, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा माय. मरेपर्यंत हेच चाललं. मी दुरुस्त करायची, तू हसायचास. सुंदराकडं तू जायचास ते अंगणातूनच, तिच्या हातात पिशवी देऊन परत फिरायचास. बसायचास माझ्याकडं.

तुझं मी काही देणं लागत असेन तर ते डोळ्यांचं. मोतीबिंदू पिकला होता. बंडू म्हणत होता कापूस निघू दे, मग पाहू. तू मला शिबिरात नेलंस, माझ्या खाटेखाली जमिनीवर झोपलास, हिरवी पट्टी सुटेपर्यंत हाताला धरून संडासाला नेत होतास. माझ्या पोटच्या पोरांनी हे केलं नाही, हे मी लिहून ठेवते. वाचू देत त्यांना. आणि पट्टी सुटल्यावर त्या डोळ्यांनी मी पहिलं जाडजूड असं काय वाचलं, तर तुझी कादंबरी. तिचं नाव इथं लिहीत नाही. आमच्या घरात ते नाव काढायचं नाही असं ठरलेलं आहे.

चौथी शिकलेली बाई मी. बोट ठेवून वाचलं, अख्खा उन्हाळा लागला. अर्ध्या पुस्तकापर्यंत तू बोलतच नाहीस. रेशनचा कंट्रोलवाला बोलतो, मास्तर बोलतो, जिनिंगचा मुनीम बोलतो, मोठ्या घरचा मालक बोलतो. सगळे एका पोराबद्दल सांगतात. कसं घरात घुसलं, काय उचललं, पकडलं तरी कसं लाजलं नाही. मी वाचत होते आणि मान हलवत होते, की बरोबर लिहिलंय, असाच होता मेला. मग मध्येच ते पोरगं बोलायला लागतं. तीच भाकर, तीच पाटी, तीच बाज. पण आता ते चोरी करत नाही. ते घरी येतं. दारातून येतं, कारण आपल्या घरात दारातूनच जातात. भूक लागली तर शिंक्याला हात घालतं. झोप आली तर बापाचा पंचा तोंडावर घेतं. आणि पोळ्याला घरच्या मुलानं बैल न्यायचा असतो, म्हणून नेतं.

तिथं मी पुस्तक मिटलं आणि गुरांना पाणी दाखवायला गेले. दोन दिवस पुन्हा हात लावला नाही.

एवढं तू खरं लिहिलंस. मी चांगलं म्हटलं नाही तर दुसरं कोण म्हणणार, म्हणून म्हणते, की चांगलं लिहिलंस. ज्या गावानं तुला चोर म्हटलं, त्याच गावानं ते वाचून माना खाली घातल्या. कंट्रोलवाल्यानं तर पुस्तक विकत घेतलं, फुकट मिळत असताना. हमालाचं एक पोर गावभर फिरत होतं आणि त्याला स्वतःचं घर कोणतं तेच कोणी सांगितलं नव्हतं, हे आम्हाला तुझ्या पुस्तकानं सांगितलं.

पण तिथं थांबायचं होतंस. तू पुढं गेलास. शेवटी तू लिहिलंस की पोराचं म्हणणं बरोबरच होतं. म्हणे मोठ्या घरच्या बाईचंच ते लेकरू, हमालापासून झालेलं, आणि अब्रूसाठी तिनं कोंड्याचं नाटक करून मजुराच्या घरी सारलं. म्हणे पोळ्याच्या दिवशी पोर मार खात होतं तेव्हा त्या बाईच्या डोळ्यांत सगळं उभं राहिलं होतं. माझ्या डोळ्यांत काही उभं नव्हतं, कोंडिबा. समोरून ऊन येत होतं. आणि तुझ्या बापाशी मी जन्मात बोलले असेन ती दोन वाक्यं, तीही पोती कुठं टाकायची याची.

बंडू महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याची बायको बोलली. ताटात वाढता वाढता म्हणाली, "आत्याबाई, वावराच्या वाटन्या आता दोघांत कराच्या का तिघांत? आधी सांगून ठेवा." नातसुना यायच्या वयात मला हे ऐकावं लागलं. कापसाच्या बाजारात लोक बंडूला विचारायचे, "तुहा भाऊ काय लिहून राह्यला सद्या?"

मला वाटलं, सुंदरा तरी पेटून उठेल. तिच्या पोरानं छापून सांगितलं की तू माझी आई नव्हेस. पाराजवळ बायकांना कोणीतरी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा ती होती. मी तिच्या घरी गेले. ती सरकी निवडत बसली होती.

"सुंदरे, ऐकलं ना काय लिहिलं त्यानं?"

"ऐकलं. बरं लिहिलं."

"बरं काय त्यात? माह्यी अब्रू गेली."

"गेली तं गेली," ती म्हणाली. सरकीवरून हात काढला नाही. "आता छापून आलं म्हंजे पक्कं झालं, पारूबाई. आता कोनी बी विचारलं तरी पुस्तकात लिहेल हाय तो तुहा म्हनून. माह्यं पोरगं जगते."

ती खूश होती. तुझं पुस्तक ऐकून आनंद झालेली अख्ख्या गावात ती एकच बाई. मी तिथून उठून आले, भांडायला जागाच उरली नव्हती.

हे मी तुला सांगितलं नाही. तिनं माझ्या बंडूची शपथ घातलेली होती, तू पाळण्यात होतास तेव्हाच. मी त्याला माझं का म्हणत नाही हे त्याला कधी सांगायचं नाही, सांगितलं की ओळख पटते, ओळख पटली की यम नेतो. मी असलं काही मानत नाही. पण शपथ बंडूची होती.

मग आपलं ते भांडण झालं. कापूस घरात आला होता, तू गादीला टेकून बसला होतास. मी म्हटलं, पुन्हा छापशील तेव्हा ते शेवटचं काढ.

"कादंबरी हाय ते, माय. खरं थोडीच असते."

"मंग त्या बाईच्या नाकात नथ माह्यी काऊन घातली? मोती मोजून घातले."

तू हसलास. मग हसायचं थांबून म्हणालास, "मले रीत मालूम हाय. मी काय लहान आहो? रीत दोन वर्साची असते. ते पंधरा वर्सं म्हनत राह्यली, तू माहा नाई. मार खाऊन राह्यलो होतो तवा बी म्हनली. माह्या पोराच्या बारशाले आली नाई. तिले मी नोकोच होतो. मंग मी कोनाचा? तुमी निदान सदरे तं देत होत्या."

ते सदरे. पुस्तकात त्यांच्यावर तू एक अख्खं प्रकरण घातलं आहेस. मोठ्या घरची बाई कोणाला न दिसता पोरासाठी सदरे शिवते, आणि दारात देताना तिचा हात थरथरतो. ते वाचून निर्मलच्या कोण्या मास्तरीण बाईनं मला कार्ड पाठवलं होतं, तुमच्यासारखी माउली म्हणून. मला त्या दिवशी तेच कार्ड आठवलं आणि माझं डोकं फिरलं.

"मी एक टाका घातला नाई," मी म्हटलं. "कापड बी माह्यं नाई. सुंदरा मजुरीतून कापड घ्याची, हातानं शिवाची, अन् पदराखाली झाकून माह्याकडं आनून द्याची. तुह्या हातून दे म्हने. माह्या हातून गेलं तं यमाले कळते."

तू विचारलंस, "सगळे?"

"सगळे. तुह्या पोराची कुंची बी."

तू कपबशी उचललीस, मोरीत नेऊन धुतलीस, पालथी घातलीस. चपला घालून निघून गेलास. येतो म्हणाला नाहीस.

पुढचं मला सुंदरानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी वेचणीला आली तेव्हा, ओळीत माझ्या शेजारी.

"काल आला होता तो. दारात उभा राहून माय म्हनला."

"मंग?"

"मंग काय. मी म्हनलं, चुकला तू, तुही माय तिकडं राहते."

"अन् तो?"

"उंबऱ्यावर बसला जरासा. अंधार पडाले आला होता. मंग म्हनला, बरं, अन् गेला." मग ती वेचायची थांबली. "तू सांगितलं काय त्याले?"

"मी काऊन सांगू," मी म्हटलं.

ती माझ्याकडं पाहत राहिली. बोंडाला हात लावून तशीच.

त्या उंबऱ्यावर बसून तू काय समजलास, हे मला कळलं नाही. तिनं पुन्हा हाकललं, असं समजलास? की तिनं तुला झाकलं, असं? "बरं" म्हणालास ते कशाला? तू शब्दांचा धंदा करणारा माणूस, आणि जाताना एवढा आखूड शब्द टाकून गेलास. मी ठरवलं होतं, पुढच्या खेपेला आलास की धरून विचारायचं. महिनाभरात तापाचा निरोप आला, आणि त्याच्या मागोमाग दुसरा.

तुला टेम्पोतून आणलं. बरोबर तुझ्या कारखान्याची माणसं होती, सगळी तेलुगू बोलणारी. तुला अंगणात ठेवलं, तुझ्याच घरापुढं, म्हणजे सुंदराच्या. तुझी बायको बेशुद्धीसारखी पडली होती आणि तुझा पोरगा एका माणसाचं बोट धरून उभा होता. उशाशी आई बसते ही आपल्याकडची पद्धत. उशाशी कोणीच नव्हतं. कारखान्याचा एक म्हातारा हात जोडून बायकांना विचारत होता, "अम्मा एवरु?" आई कोण, म्हणून. बायका सगळ्या माझ्याकडं वळून पाहायला लागल्या.

मी मनाशी ठरवून आले होते. आज सुंदराला धरून तुझ्या उशाशी बसवायची आणि चारचौघांत सांगायचं, ही याची आई, पुस्तक खोटं आहे. मेलेल्या माणसाला आता यम आणखी काय करणार होता? मी तिच्याकडं गेले. ती भिंतीला लागून उभी होती, मयतीला आलेल्या कोणत्याही मजूर बाईसारखी. मी तिचा दंड धरला.

तिनं उलट माझं मनगट धरलं. वेचणीनं घट्टे पडलेला हात, सोडवता येईना.

"तूच सांगितलं त्याले," ती माझ्या कानाशी म्हणाली. ओठ हलत नव्हते. "म्हनून तो माह्या दारात माय म्हनत आला. म्हनून गेला."

"तापानं गेला तो. मच्छर चावून."

"त्याचं पोट्टं उभं हाय तिथं. मी उशाशी बसली तं यमाले कळते हे घर कोनतं. तू बस. बस, अन् रड."

"मी रडत नसते, सुंदरे."

"आज रडजो."

मी आमच्या यांच्या मयतीला रडले नव्हते. लोक अजून नाव ठेवतात. सुंदराशी त्या वेळी वाद घालता आला असता. मला सगळं तोंडपाठ होतं, की ताप म्हणजे काय आणि रीत म्हणजे काय. तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मी जाऊन तुझ्या उशाशी बसले. तुझ्या कपाळाला हात लावला. थंड होतं, दुसरं काय असणार. पहिला आवाज काढला तो खोटा होता, माझा मलाच ऐकू आला. दुसराही खोटाच. त्यापुढचं मला सांगता येत नाही.

बंडूच्या बायकोनं बंडूकडं पाहिलं. कारखान्याचा म्हातारा माझ्या पाया पडला.

मग मागून सुंदरा आली. माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली.

"रडू नोको, पारूबाई. लई गुनाचं होतं तुहं पोरगं. असं पोरगं मुलखात नाई. किती देखनं होतं. आठव्या महिन्यात उभं राह्यलं होतं, आधाराबिगर. पयला दात वरचा आला होता, सगळे म्हनले मामाले जड हाय, पन कोनाले जड गेलं नाई ते. झोपेत हसाचं. भाकरीचा पापुद्रा आधी खाचं, मंग बाकीची. कधी उलटून बोललं नाई. मार खाल्ला पन बोललं नाई."

ती सांगतच होती. जन्मभर तोंडात धरून ठेवलेलं एकेक काढत होती, आणि प्रत्येकापुढं तुहं लावत होती. तुहं पोरगं, पारूबाई, तुहं पोरगं. आमच्या शेतात वेचायला येणाऱ्या बाईला माझ्या पोराचा पहिला दात कसा ठाऊक, हे त्या गर्दीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. तुझा पोरगा हळूहळू सरकत तिच्या लुगड्याशी आला, तर तिनं त्याच्याकडं न पाहता त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"सोन्यासारखं होतं," ती म्हणाली. "नाई काय, पारूबाई?"

तिची बोटं माझ्या पाठीत रुतली होती.

"होय," मी म्हणाले. "माह्यं पोरगं तसंच होतं."